प्रश्न तुमचे : काँगच्या अंगावरचे केस का वळवळतात?

गेल्या अंकात आम्ही वाचकांना १९३३ सालचा मूळ ‘किंग काँग’ बघून मत कळवायला सांगितलं होतं. नवा रंगीत नव्हे. आरकेओ कंपनीचा, कृष्णधवल, मेरियन कूपर आणि अर्नेस्ट शूडसॅक या जोडीनं दिग्दर्शित केलेला. पत्रांचे सरळ दोन तट पडले. आजी-आजोबांना चित्रपट आवडला, नातवंडांना हसू आलं. गंमत अशी की दोघांनी कारण एकच दिलंय : ‘हे सगळं हातानं केलेलं कळतं.’

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी कथा दोन ओळींत. कार्ल डेनहॅम नावाचा धाडसी सिनेमावाला ॲन डॅरो या बेकार मुलीला नायिका म्हणून घेऊन नकाशात नसलेल्या कवटी बेटावर जातो. तिथल्या अजस्र भिंतीपलीकडे डायनोसॉर आहेत आणि काँग नावाचा महाकाय वानर आहे. काँग ॲनला उचलून नेतो, पकडला जातो, न्यूयॉर्कला आणला जातो आणि एम्पायर स्टेट इमारतीच्या माथ्यावरून पडून मरतो.

इंदूरची पत्रं जास्त आहेत, थोडी देवास आणि महूची. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

नातू म्हणाला, ‘आजोबा, या माकडाला उवा झाल्यात का?’ खरंच काँगचे केस सारखे वळवळताना दिसतात. आमची प्रत खराब आहे का? – सुदामानगर

प्रत चांगली आहे. खराब प्रतीत हे दिसलंच नसतं!

पडद्यावरचा काँग बहुतेक प्रसंगांत जेमतेम १८ इंचांची बाहुली आहे. मार्सेल डेलगाडो या कारागिरानं ती घडवली. आत हलक्या धातूचा सांगाडा आणि प्रत्येक सांध्याला वाटीत बसणारी गोळी, म्हणजे आपल्या खांद्याच्या हाडासारखी रचना. त्यावर रबर आणि कापसाचे स्नायू, आणि सगळ्यात वर सशाची केसाळ कातडी. बाहुल्यांच्या करामतींचे प्रमुख विलिस ओब्रायन आणि त्यांचे सहकारी ही बाहुली किंचित हलवत, एक फ्रेम (म्हणजे एक स्थिर चित्र) टिपत, पुन्हा किंचित हलवत. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे मिनिटाला १,४४०. आता हलवायची म्हणजे बोटं लावायलाच हवीत, आणि सशाचे केस मऊ. प्रत्येक स्पर्शाला ते थोडे दबतात, थोडे सरकतात. सलग बघितलं की वाऱ्यानं शेत हलावं तसे केस हलतात. नातवाला जे दिसलं ते नव्वद वर्षांपूर्वीच्या माणसांच्या बोटांचे ठसे आहेत.

त्या काळी याचा अर्थ उलटाच लागला. राग आला की काँगचे केस उभे राहतात, असं काहींना वाटलं. एकदा तसं समजून बघा, भुयारापुढच्या मारामारीत ते शोभूनही दिसतं. एक मात्र खरं : डायनोसॉरच्या अंगावर केस नसल्यामुळे त्यांच्या हालचाली काँगपेक्षा स्वच्छ वाटतात, त्यांचं श्रेय मात्र काँगइतकं कुणी देत नाही.

काँगची उंची प्रत्येक प्रसंगात वेगळी का? जंगलात तो दोन मजली घराएवढा, न्यूयॉर्कमध्ये वाढलेला आणि मुठीत ॲन असली की आणखीनच मोठा. एवढी मोठी चूक संकलनात कुणाच्या लक्षात आली नाही? – राजेंद्रनगर

लक्षात आली होती, पण कूपरना ती हवीच होती. जंगलातल्या बाहुलीचं प्रमाण एक इंचाला एक फूट, म्हणून काँग १८ फुटांचा. न्यूयॉर्कच्या उंच इमारतींपुढे तो चिमणा दिसू लागला तेव्हा २४ इंची बाहुली केली. एम्पायर स्टेट छतापर्यंत १,२५० फूट, १९३१ मध्येच उघडलेली. तिच्यापुढे १८ फुटांचा प्राणी म्हणजे राजवाड्याच्या सज्जावरची मुंगी. शिवाय ॲनला पकडणारा हात आणि जवळून दिसणारं डोकं-खांदे खऱ्या आकारात बांधले होते. डोक्याच्या आत माणसं बसून डोळे-जबडा हलवत. या दोन्हींचं प्रमाण बाहुल्यांशी जुळत नाही. जाहिरातीत तर थेट ५० फूट छापलं होतं.

आमचं मत विचाराल तर उंचीची तफावत चालते, मोठं डोकं चालत नाही. बाहुलीचा चेहरा बोलका आहे. मोठ्या डोक्याला मात्र दात दाखवत टक लावून बघण्यापलीकडे काही जमत नाही. ज्या प्रसंगांत ते येतं तिथं काँग क्षणभर जत्रेतला राक्षस होतो.

आमच्या डीव्हीडीवर ९६ मिनिटं लिहिलंय, मेहुण्यांकडच्या प्रतीवर १०४. आठ मिनिटं कुठं गेली? कापलेली प्रत गळ्यात मारली काय? – लोकमान्यनगर

पूर्ण चित्रपट १०० मिनिटांचा. मेहुण्यांच्या प्रतीत सुरुवातीला सुमारे चार मिनिटं नुसतं संगीत असणार. नाट्यगृहात पडदा उघडण्याआधी वाजवतात तसं ते आहे. झाले १०४.

तुमच्या ९६ चा हिशेब असा. तुमची डीव्हीडी बहुधा पाल नावाच्या टीव्ही-पद्धतीची, सेकंदाला २५ फ्रेमची. चित्रपट २४ ने टिपलेला. म्हणून सगळा चित्रपट थोडा वेगानं धावतो : १०० गुणिले २४ भागिले २५, बरोबर ९६. एकही प्रसंग गेलेला नाही. आवाज मात्र चार टक्के चढतो, म्हणजे अर्ध्या स्वराहून थोडा कमी. कान तयार असलेल्याला मेहुण्यांच्या प्रतीशेजारी तो फरक लगेच कळेल.

तरी कापलेल्या प्रती फिरतात हे खरं. १९३८ मध्ये पुन्हा प्रदर्शित करताना नव्या नीतिनियमांमुळे काही तुकडे काढले होते आणि नंतर कित्येक वर्षं तोच चित्रपट दाखवला गेला. आपली प्रत तपासायची तर मिनिटं मोजू नका, हे प्रसंग शोधा : दलदलीत लांब मानेचा डायनोसॉर खलाशांना चावतो, काँग ॲनच्या कपड्यांचे तुकडे सोलतो आणि बोटं हुंगतो, भिंतीचं दार फोडून आल्यावर माणसांना चावतो आणि चिखलात पायाखाली दाबतो, न्यूयॉर्कमध्ये खिडकीतून झोपलेल्या बाईला उचलतो आणि ही ॲन नव्हे हे कळताच सोडून देतो. शेवटचा प्रसंग सगळ्यात सोपी खूण. तो असेल तर बहुधा बाकीचेही असतील. जुन्या प्रतींत हे तुकडे आजूबाजूच्या चित्रापेक्षा दाणेदार, काळपट दिसतात, कारण ते वेगळ्या, घासलेल्या फिल्मवरून परत जोडलेले होते. त्याला दोष समजू नका.

दोन पत्रांत दरीतल्या कोळ्यांचा प्रसंग ‘लहानपणी बघितल्याचं’ लिहिलंय. ओंडक्यावरून पडलेल्या खलाशांना दरीत राक्षसी कोळी खातात, असा प्रसंग चित्रित झाला होता. पण कथेचा वेग अडतो म्हणून कूपरनी स्वतःच प्रदर्शनाआधी कापला आणि ती फिल्म आजवर सापडलेली नाही. २००५ मध्ये नवा ‘किंग काँग’ करणाऱ्या पीटर जॅक्सन यांच्या चमूनं जुन्या पद्धतीनं तो नव्यानं करून पाहिला, तोच आठवत असेल.

मोठ्या टीव्हीवर माणसं बुटकी-जाडी दिसतात आणि काँग कसा सुळकन सरकतो. – विजयनगर

दोन्ही दोष टीव्हीच्या सेटिंगचे. पहिला : चित्राची रुंदी उंचीच्या १.३७ पट आहे, तुमच्या पडद्याची जवळपास १.७८ पट. टीव्ही ते ताणून भरतो. पिक्चर साइजमध्ये ‘४:३’ किंवा ‘ओरिजिनल’ निवडा. ४३ इंची पडद्यावर दोन्ही बाजूंना साधारण ११ सेंटीमीटर काळे पट्टे राहतील, ते राहू द्यात. ‘झूम’ केलंत तर वरून-खालून चित्र कापलं जाईल, आणि या चित्रपटात वरच्या कोपऱ्यात नेहमी काहीतरी चाललेलं असतं.

दुसरा दोष गंभीर. नवे टीव्ही दोन फ्रेमच्या मध्ये स्वतःच्या मनानं फ्रेम घालून हालचाल गुळगुळीत करतात. क्रिकेटला ते बरं, इथं घातक. एकेक फ्रेम हातानं बसवलेल्या हालचालीत जो ठामपणा असतो तो पार वितळतो. मोशन, स्मूद, क्लॅरिटी असल्या नावाचं जे काही सेटिंग असेल ते बंद करा. नाव प्रत्येक कंपनीचं वेगळं.

याच पत्रात ‘मागचं चित्र पुढच्यापेक्षा फिकट का’ असंही विचारलंय. झाडावर बसलेली ॲन आणि मागे काँग–टिरॅनोसॉरसची झुंज, हा प्रसंग घ्या. आधी झुंज टिपली, मग ती मोठ्या पडद्यावर मागच्या बाजूनं टाकली आणि पुढे ॲनचं काम करणारी नटी फे रे हिला झाडावर बसवून दोन्ही एकत्र पुन्हा टिपलं. मागचं चित्र दोनदा फिल्मवर उतरलं, म्हणून त्याचे दाणे वाढले आणि काळेपणा उडाला. उलट्या प्रकारातही हेच : बाहुलीच्या सेटमागे छोटा पडदा लावून त्यावर माणसांचं चित्र एकेक फ्रेम पुढे सरकवत. गुहेत लपलेला नायक आणि वरून चाचपणारा काँगचा हात आठवा. बाहुली आणि माणूस एकाच चौकटीत, तेही संगणकाशिवाय.

सोसायटीच्या गच्चीवर दाखवायचा आहे. साठ-सत्तर माणसं असतील. – स्कीम नंबर ५४

पडदा सहा फूट उंच घ्या. चित्र सव्वाआठ फूट रुंद पडेल. पण प्रोजेक्टर ठेवण्याचं अंतर चित्राच्या रुंदीवरून काढू नका, हीच चूक सगळे करतात. प्रोजेक्टर १६:९ ची पूर्ण चौकट टाकतो, काळे पट्टे धरून. सहा फूट उंचीला ती चौकट जवळपास पावणेअकरा फूट होते. प्रोजेक्टरच्या माहितीपत्रकात थ्रो रेशो (अंतर भागिले चौकटीची रुंदी) १.५ असेल तर १६ फुटांवर ठेवावा लागेल. उजेडासाठी खरे हजारभर ल्युमेन पोचले पाहिजेत, तेव्हा २,५०० एएनएसआय (प्रमाणित पद्धतीनं मोजलेल्या) ल्युमेनचा भाड्यानं घ्या. नुसतं ‘ल्युमेन’ म्हणून मोठा आकडा छापलेल्या स्वस्त यंत्रांवर विसंबू नका. हा चित्रपट अंधारा आहे, जंगल निव्वळ काळं दिसेल.

इंदुरात मे महिन्यात सूर्य सातच्या सुमारास मावळतो, पावणेआठच्या आत सुरू करू नका. पडदा चारही बाजूंनी ताणून बांधा, नाहीतर वाऱ्याबरोबर काँगसकट एम्पायर स्टेट डुलेल. ध्वनी एकमार्गी आहे, स्पीकर मागे लावून काही मिळत नाही. दोन्ही पडद्याशेजारी ठेवा.

सुरुवातीला वीस-एक मिनिटं संगीतच नाही, मग अचानक एवढा कल्लोळ की थांबतच नाही. याला पार्श्वसंगीत म्हणायचं? – रामबाग

पत्र लिहिणाऱ्या बाई स्वतः गातात, त्यामुळे प्रश्न अचूक आलाय. श्रेयनामावली संपल्यावर न्यूयॉर्क आणि बोटीवरचे प्रसंग संगीताशिवाय आहेत. जहाज बेटाजवळच्या धुक्यात शिरतं तेव्हा ऑर्केस्ट्रा हळूच सुरू होतो. संगीतकार मॅक्स स्टायनर. ओळखीच्या जगाला संगीत नाही, हरवलेल्या जगाला आहे, अशी ती वाटणी आहे. पुन्हा बघताना धुक्याचा तो प्रसंग डोळे मिटून ऐका. आधी वाद्यं, त्यात मिसळत जाणारे दुरून येणारे ढोल. ढोल बेटावरचे की वाद्यवृंदातले, हे काही क्षण कळतच नाही.

काँगची धून म्हणजे अर्ध्या अर्ध्या स्वरानं उतरणारे तीन स्वर, बस्स. चित्रपटभर तेच वेगवेगळ्या चालींत येतात, आणि शेवटी इमारतीवर तेच तीन स्वर करुण होतात. स्टायनर हालचालीला चिकटून वाजवतात, तुम्हाला खटकलं ते बहुधा हेच. टोळीप्रमुख पायऱ्या उतरतो तर प्रत्येक पावलाला ऑर्केस्ट्रा एकेक पायरी उतरतो. आज ते बाळबोध वाटतं. पण बोलपटाला तेव्हा पाच-सहा वर्षंच झाली होती आणि पैसे वाचवायला कंपनीला आधीच्या चित्रपटांचं जुनं संगीत चिकटवायचं होतं. नवं संगीत कूपरच्या हट्टामुळे झालं.

डरकाळीबद्दल तिघांनी विचारलंय. ध्वनिमुद्रक मरे स्पिव्हॅक यांनी वाघ-सिंहांच्या डरकाळ्या मंद गतीनं आणि उलट्या फिरवून एकत्र केल्या. वेग निम्मा केला की आवाज एक सप्तक खाली जातो आणि दुप्पट लांबतो, म्हणून प्राणी मोठा वाटतो. मोबाइलवरच्या कुठल्याही ध्वनिसंपादन ॲपमध्ये घरच्या मांजरीवर करून बघा.

ॲन चित्रपटभर फक्त किंचाळते. आणि बेटावरचे लोक ज्या पद्धतीनं दाखवलेत ते बघून आम्ही मुलींसमोर अवघडलो. अशा चित्रपटाला तुम्ही ‘अभिजात’ कसं म्हणता? – पलासिया

आक्षेप रास्त आहे आणि ‘तो काळच तसा होता’ एवढं म्हणून सुटका होत नाही. बेट सुमात्राच्या पश्चिमेला सांगितलंय. कप्तान तर तिथली भाषा नियास बेटाच्या भाषेसारखी म्हणतो. म्हणजे हिंदी महासागरातली, आपल्या अंदमान-निकोबारच्या खालच्या अंगाची जागा. आणि पडद्यावर दिसतात ते अमेरिकेतले कृष्णवर्णीय कलाकार, पिसं आणि झुलपं लावून. भूगोलाची पर्वाच नाही, ‘रानटी’ दिसले की झालं. बोटीवरचा चिनी आचारी चार्ली हाही विनोदापुरता. काँगला साखळदंडात बांधून रंगमंचावर आणण्यात समीक्षकांनी गुलामांच्या व्यापाराची सावली बघितली आहे. करणाऱ्यांच्या मनात ती असो-नसो, चौकटीत ती दिसते.

ॲनचं मात्र थोडं वेगळं. पहिली दहा मिनिटं पुन्हा बघा. १९३२-३३ ची मंदी, बायकांची रांग, उपासमारीनं सफरचंदाला हात घालणारी मुलगी. चित्रपट २ मार्च १९३३ ला न्यूयॉर्कमध्ये लागला आणि त्याच आठवड्यात अमेरिकेतल्या बँका बंद झाल्या. तिकीट काढून आलेल्यांना ती मुलगी परकी नव्हती. तो भाग रूथ रोझ या लेखिकेच्या हातचा आहे. त्या शूडसॅक यांच्या पत्नी, स्वतः मोहिमांवर गेलेल्या, आणि संवादांत जो चटपटीतपणा आहे तो त्यांचा. बेटावर पोचल्यावर मात्र ॲनला करण्यासारखं काही दिलेलंच नाही, हे कबूल. किंकाळ्या तर चित्रीकरण संपल्यावर फे रे यांच्याकडून एकगठ्ठा ध्वनिमुद्रित करून हव्या तिथं वापरल्या आहेत. म्हणून त्या सगळ्या सारख्याच वाटतात.

मुलींना दाखवताना मध्ये थांबवून बोला, प्रसंग पळवत पुढे नेऊ नका. पळवला की त्यांना वाटतं आपण बघू नये असं काहीतरी होतं.

लांब मानेचा डायनोसॉर माणसं खातो का? आणि आपल्याकडे डायनोसॉर होते का? (इयत्ता सहावी) – महू

नाही खात. ब्रॉन्टोसॉरस आणि त्याचे भाईबंद झाडपाला खाणारे, दात पानं ओरबाडायचे. चित्रपटात तो खलाशाला झाडावर चढवून चावतो तो निव्वळ मसाला. टिरॅनोसॉरसच्या हाताला तीन बोटं दाखवली आहेत, खरी दोन. तो शेपूट जमिनीवर टेकवून कांगारूसारखा उभा राहतो. आज शास्त्रज्ञ मानतात की पाठ आडवी आणि शेपूट मागे उचललेली असे. हा दोष ओब्रायन यांचा नाही. ते प्राचीन प्राणी रंगवणारे चित्रकार चार्ल्स नाइट यांची त्या काळची चित्रं समोर ठेवून काम करत, आणि तेव्हाची समजूतच तशी होती. माणूस आणि डायनोसॉर यांच्यात मात्र सहा कोटी साठ लाख वर्षांचं अंतर आहे, ते कुठल्याही बेटानं भरून निघत नाही.

आपल्याकडे होते की! इंदूरच्याच बाजूला, धार जिल्ह्यात. बाग–कुक्षी भागातल्या खडकांत डायनोसॉरची ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदवणारा शोधनिबंध जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. अंडी टायटॅनोसॉरची, म्हणजे तुझ्या त्या लांब मानेवाल्यांच्याच कुळातली. व्यास साधारण १५ ते १७ सेंटीमीटर, मोठ्या पपनसाएवढा. एका अंड्यात दुसरं अंडंही सापडलं आहे. मांसाहारीही होते : गुजरातेत बालासिनोरजवळ रहियोलीला सापडलेल्या एकाचं नाव २००३ मध्ये राजासॉरस नर्मदेन्सिस ठेवलं, नर्मदेवरून. बागच्या लेणी बघायला गेलास तर खडकातलं काही उचलून आणू नकोस. कुठल्या थरात काय होतं, हीच तर खरी माहिती असते. अंडं घरी आणलं की ती जाते.

सुट्टीत मुलांना (वय १० ते १३) अशी दहा सेकंदांची फिल्म करायची आहे. मागच्या वर्षी केली तर सगळं थरथरलं आणि उजेड लुकलुकला. – तिलकनगर

दहा सेकंदांना २४० फोटो काढायची गरज नाही. १२० काढा आणि सेकंदाला १२ या वेगानं चालवा. पहिल्यांदा तीन-चार तास लागतील.

बाहुली २० सेंटीमीटरची पुरे. दीड ते दोन मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची तार घ्या आणि दुहेरी पिळा. बांधकामाची लोखंडी बाइंडिंग तार नको, ती वाकवली की थोडी परत येते. विजेच्या वायरमधलं तांबं पुन्हा पुन्हा वाकवलं की कडक होऊन तुटतं. गुडघा, कोपर, मान, कंबर एवढे सांधे मोकळे ठेवून मधल्या भागांवर एम-सील लावा, म्हणजे तार हाडासारखी राहील आणि हव्या तिथंच वाकेल. प्रत्येक तळपायात एम-सीलमध्ये एकेक नट बसवा. खाली प्लायवूडला भोकं पाडून बोल्टनं पाय आवळायचा. मागच्या वर्षीच्या थरथरीचं अर्धं कारण इथंच असणार : पाय सुटे असले की दुसरा हात हलवताना पहिला पाय सरकतो. अंगाला गादीचा स्पंज दोऱ्यानं गुंडाळा, वर जुना मोजा. केसाळ कापड टाळा. काँगच्या उवांचं कारण वर दिलंच आहे. हवेतच असतील तर एक भाग फेव्हिकॉल आणि तीन भाग पाणी बोटानं केसांवर फिरवून वाळू द्या, केस बसून राहतात. चेहऱ्याला तेलाची माती वापरलीत तर मे महिन्यात ती दुपारी पाघळते. तासाभरानं दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. आणि शेव खाताना मध्येच बाहुलीला हात लावू नका, हे इंदुरी मुलांना वेगळं सांगावं लागतं.

लुकलुकण्याचं कारण तीनपैकी एक. मोबाइल प्रत्येक फोटोला उजेड आणि रंग नव्यानं ठरवतो, तेव्हा एक्स्पोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही लॉक करा. दुसरं, खिडकी : ढग आला की सगळं बदलतं. पडदे बंद करून दोन दिव्यांवर काम करा. तिसरं, आपली वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. शटर, म्हणजे फोटो टिपण्याचा वेळ, हातानं लावता येत असेल तर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा, १/६० नको. आणखी एक, जे सहसा कुणी सांगत नाही : पांढरा शर्ट घालू नका. माणूस जवळ-लांब झाला की शर्टावरचा उजेड सेटवर पडतो. गडद कपडे, आणि फोटो काढताना रोज एकाच जागी उभं राहायचं.

मोबाइल विटांमध्ये घट्ट बसवून चिकटपट्टी लावा, विमान मोडवर टाका (फोन वाजला की थरथरतो) आणि बटणाला हात न लावता इअरफोनच्या आवाजाच्या बटणानं फोटो घ्या. बऱ्याच फोनमध्ये हे चालतं. स्टॉप-मोशनच्या ॲपमध्ये आधीची फ्रेम पारदर्शक दिसते, ती सोय चालू ठेवा. पंखा बंद. गरम होईल, इलाज नाही.

हालचालीत एकच गोष्ट सांभाळा : वजन. मोठा प्राणी हळू निघतो आणि हळू थांबतो. एका पावलाला १० ते १२ फोटो द्या. पहिले तीन अगदी थोडे सरकवून, मधले जास्त, शेवटचे पुन्हा थोडे. सगळे सारख्या अंतरानं घेतले की प्राणी चावीच्या खेळण्यासारखा चालतो. किती सरकलं हे कळायला नाकाच्या टोकाशी तारेची सुई उभी करा, बाहुली हलवून अंतर बघा आणि फोटोआधी सुई काढा. ती एकदा तरी काढायची राहतेच.

जंगलाला खोली हवी असेल तर तीन थर करा. पुढे काळ्या कार्डाची मोठी पानं, मध्ये बाहुली, मागे फिक्या करड्या रंगात झाडं. ओब्रायन हेच काचेवर रंगवून करत, फ्रेंच चित्रकार गुस्ताव दोरे यांच्या कोरीव चित्रांवरून : पुढचं काळंभोर, मागचं धुकट. मागच्या थरावर वेगळा दिवा असू द्या, नाहीतर बाहुलीची सावली आभाळावर पडते.

आणि हौसेनं कुंडीतलं खरं रोपटं सेटवर ठेवू नका. चार तासांत पानं उजेडाकडे वळतात, फिल्ममध्ये ती सापासारखी सरकताना दिसतात. ‘काँग’च्या सेटवर असंच एक फूल दिवसभरात हळूहळू उमललं. कुणाच्या लक्षात आलं नाही. फिल्म धुतल्यावर दिसलं आणि त्या दिवसाचं सगळं काम पुन्हा करावं लागलं.